नाकातला स्वॅब निगेटिव्ह, बेडका पॉझिटिव्ह: विषाणू शोधायचा तरी कुठे?

साखरपेठकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आणि बाहेरच्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

आई ६८ वर्षांची. आधी ताप आणि अंगदुखी, मग खोकला. फॅमिली डॉक्टरांनी नाक-घशाचा स्वॅब पाठवला. कोविड आणि फ्लू दोन्ही निगेटिव्ह. आम्ही निर्धास्त झालो. दोन दिवसांनी जिना चढताना तिला धाप लागली, ऑक्सिजन ९० दाखवला, म्हणून एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात खाली सावली आहे. छातीच्या डॉक्टरांनी बेडका तपासायला पाठवला आणि त्यात कोविड पॉझिटिव्ह आला.

आता घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात पहिल्या लॅबने पैसे घेऊन खोटा रिपोर्ट दिला, जाऊन जाब विचारू. धाकटा भाऊ म्हणतो दुसराच चुकीचा असेल, रक्त तपासा म्हणजे काय ते एकदाच कळेल. कुणी म्हणतं लघवी तपासा, कुणी म्हणतं संडास तपासा. आमचा वाडा जुना, संडास दोन बिऱ्हाडांत मिळून एक. वहिनीचं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं, आणि आजपासून वहिनीलाही कणकण आहे.

दोन रिपोर्टांपैकी खरा कुठला? आणि शरीरातल्या कुठल्या पाण्यात हा विषाणू असतो, कुठल्यात नसतो? आई आता बरी आहे, ऑक्सिजन कमी केलाय. पण हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पिपेट · सोमवार, रात्री १०.५५

साखरपेठकर, आईंना आराम पडतोय हे वाचून बरं वाटलं. मी आपल्याच शहरात रेण्वीय तपासणीच्या, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, आणि माझ्या मते इथे तसंच आहे. मामांना सांगा, जाब विचारायला जाऊ नका.

हा विषाणू आधी नाकाच्या मागच्या बाजूला आणि घशात वाढतो. लक्षणं सुरू होण्याच्या आसपास तिथे त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. मग शरीराचा प्रतिकार सुरू होतो आणि वरचा भाग हळूहळू मोकळा होतो. काही जणांत तोवर तो खाली फुफ्फुसात उतरलेला असतो आणि तिथे पुढेही वाढत राहतो. अशा माणसाचा नाकातला नमुना पाचव्या-सहाव्या दिवसानंतर घेतला तर कधी सापडतो, कधी नाही. उजनीत पाणी आहे की नाही हे आपल्या नळाला आज पाणी आलं का यावरून ठरवता येत नाही, तसं नाकावरून फुफ्फुसाचं ठरवता येत नाही.

याचे आकडे आहेत. २०२० च्या मार्चमध्ये चीनमधला एक अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०५ रुग्णांचे १,०७० नमुने, वेगवेगळ्या जागचे. फुफ्फुसात दुर्बीण घालून धुऊन काढलेल्या पाण्याचे १५ नमुने होते, त्यांतले १४ पॉझिटिव्ह. बेडक्यात सुमारे ७० टक्के. नाकातल्या स्वॅबचे फक्त ८ नमुने, ५ पॉझिटिव्ह. घशाच्या स्वॅबचे ३९८, त्यांतले १२६, म्हणजे ३२ टक्के. शौचाचे १५३, त्यांतले ४४. रक्ताचे ३०७, त्यांतले फक्त ३. लघवीचे ७२, एकही नाही. तुमच्या भावाला हे शेवटचे दोन आकडे दाखवा. रक्त निगेटिव्ह आलं तर त्यातून आईंना कोविड नाही असं अजिबात सिद्ध होणार नाही, आणि ते निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, स्वॅब कसा घेतला. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून काढलेला स्वॅब आणि मागे घशाच्या छतापर्यंत गेलेला स्वॅब यांत फार फरक पडतो. काडी आडवी, टाळूला समांतर आत जायला हवी. नाकपुडीपासून कानापर्यंतचं जे अंतर, त्याच्या साधारण निम्मं. तिथे काही सेकंद ठेवून हळू फिरवायची. लोक डोकं मागे ओढतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि घेणाऱ्यालाही दया येऊन तो लवकर काढतो. म्हाताऱ्या माणसांचं तर फारच. काडीसुद्धा कृत्रिम धाग्याची लागते. कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही, कारण त्यातली काही द्रव्यं पीसीआरची, म्हणजे जनुकं यंत्रात वाढवून शोधायची, क्रिया रोखतात.

नमुना नीट आला का, हे आम्हाला थोडंफार कळतं. बहुतेक किटमध्ये विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचं एक जनुक शोधलेलं असतं, बहुधा आरनेझ-पी. काडीवर माणसाच्या पेशी आल्या असतील तर ते उमटतं. तेच उमटलं नाही तर आम्ही ‘निगेटिव्ह’ लिहीत नाही, नमुना पुन्हा मागतो. पण पेशी आल्या म्हणजे योग्य जागेच्या आल्या असं मात्र नाही. नाकाच्या पुढच्या भागातल्या पेशीही माणसाच्याच. ही मर्यादा रिपोर्टवर छापलेली नसते, आणि ती छापायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बाकी प्रश्नांचं उद्या लिहिते.

अश्विनी_जुळे_सोलापूर · सोमवार, रात्री ११.२०

पिपेटताई, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की आपण ‘नाही’ असं वाचतो. खरं तर त्यात ‘या जागी, या वेळी सापडला नाही’ एवढंच असतं.

कन्नाचौक · मंगळवार, सकाळी ७.१५

आमच्या पूर्व भागातला प्रश्न विचारतो. माझी आई विड्या वळते, आयुष्यभर तेच काम. तंबाखूच्या धुळीत बसून खोकला असतोच. आता महिनाभर जास्त खोकलायलीय. शेजारच्या काकू म्हणायल्या, टीबीचा बेडका देऊन ये. मग त्या बेडक्यात कोविड किंवा फ्लू असला तर तोही कळतो का? का वेगळा द्यावा लागतो? आणि आई मिश्री लावते, त्याने रिपोर्ट बिघडतो का?

पिपेट · मंगळवार, सकाळी ८.०५

कन्नाचौक दादा, बेडका आधी टीबीसाठीच द्या, त्यात दिवस घालवू नका. दोन आठवड्यांवर खोकला असला की टीबीची तपासणी करायची हा नियमच आहे आणि सरकारी केंद्रात ती मोफत होते.

मशीन एक असलं तरी तपासणी आपोआप दोन्हींची होत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रं मुळात टीबीसाठी गावोगावी पोचली होती. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट २०२० मध्ये कोविडसाठीही वापरलं गेलं. पण प्रत्येक रोगाची चिप किंवा कार्ट्रिज वेगळं. टीबीची चिप घातली की ती टीबीच शोधणार. विषाणूही बघायचा असेल तर डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला हवं. नमुनाही शक्यतो वेगळ्या डबीत द्या.

मिश्रीचं विचारलंत ते फार बरं केलंत. बेडक्यासाठी सकाळी उठल्यावर, मिश्री लावण्याआधी, साध्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरायची. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढायचा. तोंडातली लाळ नको, घट्ट पिवळट-पांढरा बेडका हवा, दोन मिलिलिटर तरी. उघड्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात, माणसांपासून लांब उभं राहून. लाळेचा नमुना द्यायचा असला तर त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-मिश्री तर नाहीच.

बेडका आमच्या टेबलावर येतो तेव्हा तो इतका चिकट असतो की पिपेटच्या टोकात चढत नाही. म्हणून आधी डीटीटी नावाचं रसायन घालून तो पातळ करावा लागतो. ते नीट झालं नाही तर आत विषाणू असूनही हाताशी लागत नाही. त्यामुळे लॅबवाले बेडक्याला वेळ लागेल म्हणाले तर समजून घ्या.

तर्कतीर्थ_नवीपेठ · मंगळवार, सकाळी १०.३०

पिपेटताईंच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण त्या चिनी आकड्यांवर इतका भार टाकू नये असं वाटतं. नाकाचे नमुने आठच. आठांवरून टक्केवारी काढायची? शिवाय फुफ्फुस धुऊन पाणी कुणाचं काढतात? जो अत्यवस्थ आहे त्याचं. त्याच्या फुफ्फुसात विषाणू असणारच. म्हणजे तुलना एकाच प्रकारच्या माणसांची नाहीच. आणि तो विषाणू २०२० चा. ओमिक्रॉनच्या वेळी काही अभ्यासांत लाळेत तो नाकाच्या आधी दिसला होता. आजच्या रुग्णाला ते आकडे कसे लावायचे?

पिपेट · मंगळवार, दुपारी १.१०

तर्कतीर्थ, तुमचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. नाकाच्या आठ नमुन्यांवरून मी काही ठरवणार नाही. मला त्या अभ्यासातून एवढंच घ्यायचं होतं की खालच्या श्वसनमार्गात जास्त, रक्तात नगण्य, लघवीत नाही, आणि हा क्रम नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत साधारण तसाच राहिला.

वेळेबद्दल याहून नेमका अभ्यास आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सात अभ्यासांमधले १,३३० नमुने एकत्र करून हिशोब मांडला. लक्षणं सुरू झाली त्या दिवशी घेतलेला स्वॅब १०० बाधितांपैकी सुमारे ३८ जणांत निगेटिव्ह येतो. तीन दिवसांनी हे प्रमाण सर्वांत कमी, तरी २० च्या आसपास. त्यानंतर पुन्हा वाढत जातं. म्हणजे अगदी योग्य दिवशी घेतला तरी पाचांतला एक सुटू शकतो. साखरपेठकर, तुमच्या आई त्या सुटलेल्यांत असाव्यात.

एमडी_होटगी_रोड · मंगळवार, संध्याकाळी ६.४५

मी विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) डॉक्टर आहे. रक्त आणि लघवीबद्दल लिहितो, कारण दवाखान्यात रोज हाच घोळ दिसतो.

‘रक्तात कोविड निघाला’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा चार वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. सीआरपी आणि डी-डायमर हे दाह आणि गुठळ्यांचे मापक आहेत. ते न्यूमोनियात वाढतात, डेंग्यूतही वाढू शकतात. त्यांत विषाणू कुठेच शोधलेला नसतो. अँटिबॉडी म्हणजे शरीराने दिलेलं उत्तर. ते लागण झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी तयार होतं आणि लस घेतली असली तरी असतं. त्यावरून आजचा खोकला कशाचा हे सांगता येत नाही. खुद्द विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, रक्तात सापडणं ही चौथी गोष्ट. ती क्वचित घडते, आणि घडली तर बहुधा आजार गंभीर असलेल्यांत. म्हणजे ती निदानासाठी उपयोगाची नाही, फार तर गांभीर्याचा अंदाज देते. सर्दी-खोकल्याचे हे विषाणू रक्तदानातून पसरल्याचं दिसलेलं नाही, तेव्हा रक्तदानाची भीती बाळगू नका.

लघवी या विषाणूसाठी जवळपास निरुपयोगी. पण म्हणून ‘श्वासातून आलेला विषाणू लघवीत नसतो’ असा नियम करू नका. गोवर श्वासातूनच पसरतो, आणि गोवरासाठी घशाच्या स्वॅबबरोबर लघवीचा नमुनाही विषाणू शोधायला वापरतात. गालफुगीत गालाच्या आतून, लाळग्रंथीच्या तोंडाशी स्वॅब फिरवतात. विषाणू बदलला की जागा बदलते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण डबी चुकली की पुढचं सगळं कौशल्य वाया.

मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणीही तपासतात, पण फक्त झटके, बेशुद्धी असं काही असलं तर. २०२० मध्ये जपानमध्ये एका तरुण रुग्णाच्या नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि त्या पाण्यात मात्र विषाणूचा आरएनए, असं निघालं होतं. फार दुर्मीळ. डोळ्यांच्या पाण्यातही थोड्याच जणांत सापडतो.

एक तांत्रिक बाब, नर्सिंगच्या मुलींनी वाचावी म्हणून. पीसीआरसाठी रक्त हवं असेल तर हेपरिनच्या हिरव्या झाकणाची नळी नको. हेपरिन पीसीआर रोखतं. ईडीटीएची जांभळी नळी वापरा.

साखरपेठकर · मंगळवार, रात्री ८.२०

डॉक्टरसाहेब, पिपेटताई, दोघांचे आभार. मामांना सगळं वाचून दाखवलं. ते शांत झाले, भावानेही रक्ताचा हट्ट सोडला.

आता वहिनीचं सांगा. तिचा स्वॅब आज पॉझिटिव्ह आला. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात बाळाला वेगळं ठेवा, वरचं दूध द्या. वहिनी रडतेय.

एमडी_होटगी_रोड · मंगळवार, रात्री ८.३५

लगेच उत्तर देतो. बाळाला आईपासून तोडू नका, अंगावरचं दूध चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून हेच सांगितलं आहे.

अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाधित असलेल्या १८ स्त्रियांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले होते. त्यांतल्या फक्त एकात विषाणूचा आरएनए सापडला, आणि जिवंत, वाढू शकणारा विषाणू एकातही नाही. उलट दुधातून बाळाला आईच्या अँटिबॉडी मिळतात. बाळाला धोका आहे तो आईच्या श्वासातून. म्हणून पाजताना मास्क, आधी साबणाने हात, आणि खोलीची खिडकी उघडी. वहिनीला फारच थकवा असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणी निरोगी माणसाने पाजावं. बाळाला ताप आला, श्वास जोरात चालू लागला किंवा ते पिईनासं झालं तर मात्र एक मिनिट न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

साखरपेठकर · मंगळवार, रात्री ८.५०

तिला फोनवरून हे आत्ताच वाचून दाखवलं. बाळ तिच्याजवळ दिलंय. फार आभारी आहे.

जलनिस्सारण_निवृत्त · बुधवार, सकाळी ६.३०

नळ-गटारांच्या कामात आयुष्य गेलं. शौचाचा प्रश्न माझ्या क्षेत्राला लागून आहे म्हणून लिहितो.

२००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. पाहुणा म्हणून आलेल्या एका रुग्णाला जुलाब होते. तिथल्या न्हाणीघरांच्या जमिनीतल्या जाळीखाली जो वाकडा पाइप असतो, ज्यात पाणी साठून वास अडतो, तो बऱ्याच घरांत कोरडा पडलेला होता. पंखा लावला की सांडपाण्याच्या उभ्या पाइपातली हवा आणि तुषार आत ओढले जायचे. तो विषाणू आजच्याचा भाऊबंद.

हे सोलापूरला का सांगतोय? आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. माणसं पाणी जपून वापरतात, वापरात नसलेल्या न्हाणीघरात कुणी तांब्याभरही ओतत नाही. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की तो वाकडा भाग आठवडाभरात कोरडा पडतो. झुरळं आणि वास येतो तो तिथूनच. प्रत्येक जाळीत आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओतावं, भांडी धुतलेलं चालेल. साथ असो वा नसो.

मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासतात. कोविडच्या काळात सांडपाण्यावरून साथीचा अंदाज घ्यायचं काम नेदरलँड्समध्ये २०२० च्या सुरुवातीलाच झालं, आपल्याकडे अहमदाबादेत, बंगळुरात, पुण्यातही झालं. माणूस तपासणीला जावो न जावो, संडासला तर जातोच. घरोघर काडी घेऊन फिरण्यापेक्षा शहराच्या गटाराचा एक नमुना वस्तीत साथ चढतेय की उतरतेय ते आधी सांगतो. आपल्या देगावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येणाऱ्या पाण्याचे नमुने असे नियमाने तपासले जावेत आणि आकडे वर्तमानपत्रात यावेत, असं मला फार वाटतं. यंत्रमाग आणि विडीच्या वस्त्यांत रोजंदारी बुडवून तपासणीला कुणी जात नाही. त्यांची खबर तिथून मिळेल.

कन्नाचौक · बुधवार, सकाळी ९.००

काका, खरं बोललात. आमच्या गल्लीत मागाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची भाजी नाही. काडीसाठी कोण रांगेत उभारतंय.

तर्कतीर्थ_नवीपेठ · बुधवार, सकाळी ११.१५

एक विसंगती दिसते. शौचात विषाणू कित्येक आठवडे सापडतो म्हणतात. मग दहा-बारा दिवसांत लोकांना घरी कसं सोडतात? आणि साखरपेठकरांच्या वाड्यात संडास सामाईक आहे, त्यांनी काय करायचं?

पिपेट · बुधवार, दुपारी २.३०

या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

आम्ही पीसीआरमध्ये जे पकडतो ते विषाणूच्या आरएनएचे तुकडे. विषाणू मेला तरी तुकडे राहतात. तो जिवंत आहे का हे बघायचं तर त्याला जिवंत पेशींवर वाढवून पाहावं लागतं. माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो नावाच्या पेशी त्यासाठी वापरतात, आणि ते काम कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच चालतं, पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) आहे तशा. गावातल्या लॅबमध्ये ते होत नाही, होऊही नये.

जर्मनीत म्युनिकच्या पहिल्या नऊ रुग्णांवर हे काम फार बारकाईने झालं, २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. घशातून आणि फुफ्फुसाच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढला, पण लक्षणांच्या आठव्या दिवसानंतर वाढला नाही. शौचात आरएनए भरपूर होता, तरीही त्यातून जिवंत विषाणू एकदाही वाढला नाही. रक्त आणि लघवीत आरएनएसुद्धा मिळाला नाही. हे सगळे सौम्य आजाराचे रुग्ण होते, हे लक्षात ठेवा. फार गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांत जिवंत विषाणू जास्त दिवस राहतो. शौचातून जिवंत विषाणू मिळाल्याच्या तुरळक नोंदी इतरत्र आहेत, पण पसरण्याचा मुख्य रस्ता तो नाही.

शौचात सापडतो याचं कारण आतड्याच्या पेशींवरही एसीई-२ हे ग्राहक असतात, विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो ते. शिवाय बेडका आपण गिळतोच.

सीटी व्हॅल्यूचंही इथेच सांगते. यंत्र आरएनएपासून बनवलेलं डीएनए दर फेरीत दुप्पट करतं. जितक्या फेऱ्यांनी खूण उमटते तो आकडा म्हणजे सीटी. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे मूळ प्रमाणात सुमारे हजारपट फरक. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पॉझिटिव्ह म्हणायला ३५ ही वरची सीमा धरली होती. पण बेडक्याचा सीटी आणि नाकाचा सीटी शेजारी ठेवून ‘आजार वाढला’ किंवा ‘कमी झाला’ म्हणू नका. नमुना वेगळा, घट्टपणा वेगळा, किट वेगळं. शौचात तर पित्तक्षार आणि इतर द्रव्यं पीसीआर मंदावतात. मग सीटी वर जातो आणि विषाणू आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

साखरपेठकर, संडासासाठी साधे उपाय पुरे. कमोड असेल तर झाकण लावून पाणी सोडणं, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसणं, आणि साबणाने हात. शेजारच्या बिऱ्हाडाशी भांडण नको. त्या अरुंद बोळात दोन बिऱ्हाडांची माणसं नंबर लावून मास्कशिवाय बोलत उभी राहतात, मला काळजी त्याची जास्त वाटते.

अश्विनी_जुळे_सोलापूर · बुधवार, संध्याकाळी ७.००

माझ्या सासूबाई काडी नाकात घालूच देत नाहीत, आणि त्यांना बेडकाही सुटत नाही, कोरडा खोकला आहे. अशा माणसाचं काय करायचं? गुळण्यांच्या पाण्यावर तपासणी होते असं ऐकलं होतं.

पिपेट · बुधवार, रात्री ९.१५

अश्विनीताई, बरोबर ऐकलंत. नागपूरच्या नीरी संस्थेने २०२१ मध्ये ही पद्धत तयार केली आणि आयसीएमआरने तिला मान्यता दिली. नळीत मिठाचं पाणी असतं, ते तोंडात घेऊन खळखळवायचं, गुळणी करायची आणि त्याच नळीत परत सोडायचं. काडी नाही, टोचणं नाही, लहान मुलं आणि म्हातारी माणसं ते स्वतः करू शकतात. लाळेवरची तपासणीही अमेरिकेत येल विद्यापीठाने पुढे आणली, २०२० च्या ऑगस्टमध्ये तिला तिथे परवानगी मिळाली. मात्र प्रत्येक लॅब गुळणीचा नमुना घेत नाही. जाण्याआधी फोन करून विचारा. आणि सासूबाईंना गिळताना ठसका लागत असेल तर गुळणी करायला लावू नका.

बेडका सुटत नसला तर दवाखान्यात तीन टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन तो काढतात. हे घरी करू नका. त्याने तुषार खोलीभर पसरतात, आणि दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाचा स्राव नळीतून खेचून घेतात. फुफ्फुस धुऊन पाणी काढणं हा शेवटचा उपाय, तो तज्ज्ञ ठरवतात.

नमुना तुम्हीच लॅबला पोचवणार असाल तर डबी झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि बाहेर थर्मास किंवा बर्फाच्या पॅकची पेटी. दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचं नाही. दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवून पुढची कामं करू नका, आरएनए फार लवकर मोडतो. डबीवर नाव, नमुन्याचा प्रकार आणि वेळ. आणि चिठ्ठीवर लक्षणं सुरू झाल्याची तारीख नक्की लिहा. तो रकाना मोकळा ठेवून आलेल्या चिठ्ठ्या मी रोज बघते. तारीख असली की निगेटिव्ह रिपोर्ट वाचताना डॉक्टरांना कळतं की पुन्हा नमुना घ्यायचा का, आणि घ्यायचा तर नाकातून की छातीतून.